वज्रांगदाचा दहावा

“मयताचं गोत्र?” दादा हसबनीसांनी विचारलं.

“शिलावंश,” ऋजुता म्हणाली.

“तो वंश झाला. मी गोत्र विचारतोय.”

“दुसऱ्या खंडात त्याची आजी ‘आम्ही शिळेची लेकरं’ म्हणते,” प्रद्योत म्हणाला, “आणि चौथ्यात तोच स्वतःला नदीकाठचा म्हणवतो. लेखकालाच पत्ता नाही. तुम्ही हवं ते धरा.”

“गोत्र ठाऊक नसलं की काश्यप,” दादांनी निकाल दिला. “आणि आपलं कुणाचंच त्याच्याशी नातं नाही, म्हणून सुतकही नाही. लग्नाला बाध येत नाही. पान मांडा.”

एप्रिलचं ऊन होतं. ज्याचा दहावा घालायला आम्ही चौघं आठल्येकाकूंच्या गच्चीवर जमलो होतो, तो वज्रांगद ‘अश्मकोटाची गाथा’ या कादंबरीमालेतला सेनापती होता. अश्मकोट हा डोंगरावरचा अजिंक्य किल्ला. त्याचा महादरवाजा वज्रांगदाने तरुणपणापासून राखला, आणि चौथ्या खंडाच्या शेवटी एका पहाटे स्वतःच्या हाताने शत्रूला उघडून दिला. का, ते लेखकाने सांगितलं नाही. पाचव्या खंडात वज्रांगद बाण लागून पडला. मरताना त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “माझं एक राहिलं...” आणि पुस्तक संपलं.

त्या तीन टिंबांनी त्या वर्षी सांगलीतली बरीच घरं अस्वस्थ केली होती. पण दहावा घालण्यापर्यंत मजल फक्त आमची गेली.

आमची म्हणजे कुणाची, ते सांगते. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. ऋजुता साठम त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि काकूंच्या वरच्या मजल्यावर माझ्याबरोबर राहायची. प्रद्योत गुर्जर कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करायचा. दादा हसबनीस निवृत्त स्टेशनमास्तर, मिरजेहून रोज वाचनालयात यायचे. वाचनालयात तिसऱ्या खंडाची एकच प्रत होती. तिच्यासाठी ताटकळत असताना आमची ओळख झाली, आणि तिथल्याच बाकावर प्रद्योत आणि ऋजुता यांचं जमलं. आता लग्न पंधरवड्यावर आलं होतं. पत्रिकांचे गठ्ठे माझ्या खाटेखाली होते.

आणि आदल्या रविवारी ऋजुताने लग्न मोडायची भाषा केली होती.

भांडण वज्रांगदावरूनच झालं. प्रद्योतचं म्हणणं सरळ होतं. दरवाजा उघडला, कारण लेखक अडकला होता. शत्रू आत आल्याशिवाय पाचवा खंड सुरू होत नव्हता. वज्रांगद म्हणजे बिजागरी. बिजागरीला मन नसतं.

ऋजुता म्हणाली, वज्रांगदाने तान्हेपणीच टाकून दिलेली त्याची मुलगी, मेघमाला, शत्रूच्या सैन्यात होती. त्याने दरवाजा तिच्यासाठी उघडला. एकदा तिला नावाने हाक मारायची, हेच त्याचं राहिलं होतं.

“हे कुठल्या पानावर आहे?” प्रद्योतने विचारलं.

“पानावर नाही. त्याच्या आत आहे.”

“पानावर नसेल तर नाहीच.”

त्यावर ऋजुता म्हणाली, “जो माणूस बोलून दाखवत नाही त्याच्या आतलं तुला दिसतच नाही. मी तुझ्याशी लग्न कसं करू?”

प्रद्योतला वाटलं ती चेष्टा करतेय. तो हसला. हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनात. प्रद्योत माझ्या प्रयोगशाळेत येऊन बेडकाच्या सांगाड्याशेजारी बसून राहिला. ऋजुता घरी स्वयंपाक करत बसली. अलीकडे तिला अंबाडीच्या लोणच्याचं वेड लागलं होतं, ते तिने वरणभातातही कालवलं. शेवटी मी दादांना बोलावून घेतलं, आणि तोडगा दादांनी काढला.

“माणूस इच्छा अर्धी ठेवून गेला ना? मग पिंड ठेवायचा. ज्याच्या वचनाला कावळा शिवेल त्याचं म्हणणं खरं. प्रद्योतच्या वचनाला शिवला, तर ऋजुताने हा विषय कायमचा सोडायचा आणि बोहल्यावर उभं राहायचं. ऋजुताच्या वचनाला शिवला, तर प्रद्योतने मान्य करायचं की माणसाला आत काहीतरी असतं.”

“आणि शिवलाच नाही तर?” मी विचारलं.

“तर पत्रिका रद्दीत,” ऋजुता म्हणाली. ती हे इतकं शांतपणे म्हणाली की प्रद्योतला या वेळी हसू आलंच नाही.

दहावा दिवस मोजायचा कुठून, यावर थोडा वाद झाला. पुस्तक बाजारात आलं तेव्हापासून, की लेखकाने तो प्रसंग लिहिला तेव्हापासून? दादांनी ठरवलं, आपल्यातल्या शेवटच्या माणसाने वाचून खाली ठेवलं तेव्हापासून. शेवटचा वाचक प्रद्योत होता. तो सावकाश वाचतो.

तर आम्ही गच्चीवर होतो. एका कोपऱ्यात आठल्येकाकूंच्या कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्यावर बांबूला एक उघडी काळी छत्री बांधलेली होती. काकू सकाळीच नरसोबाच्या वाडीला गेल्या होत्या. जाताना मला बजावून गेल्या होत्या, “अनघा, छत्रीला हात लावू नका. काळं फडफडलं की कावळा पलीकडच्या गल्लीतसुद्धा उतरत नाही. छत्री हलली तर कुरडया गेल्या.”

दुसऱ्या टोकाला, कठड्यावर, आम्ही केळीचं पान मांडलं. त्यावर दहीभाताची मूद, आणि ऋजुताच्या आग्रहाखातर अंबाडीचं लोणचं.

“वज्रांगदाला आंबट आवडायचं?” दादांनी विचारलं.

“मला आवडतं,” ऋजुता म्हणाली.

प्रद्योतने खिशातलं टोचतंय म्हणून मोटारसायकलची किल्ली काढून कठड्यावर ठेवली. ऋजुताने वाढदिवसाला दिलेलं चारमिनारचं कीचेन तिला होतं. दादांनी एक कापडी पिशवी आणली होती, तिच्यात बेकरीतले क्रीमरोल होते.

“हे दहाव्याला लागतात?” मी विचारलं.

“दहाव्याला नाही, मला लागतात. माझी साखर उतरते.”

एवढं सगळं ठीक होतं. अडचण अशी होती की ऋजुता आणि प्रद्योत दोघांनीही द्वारपालांचे झगे घातले होते. गाथेतले द्वारपाल पायघोळ काळे झगे घालतात. ऋजुताने दोन्ही झगे मागच्या वाचकमेळ्यासाठी शिवले होते, छत्रीच्या कापडाचे. वाऱ्यावर ते छान फडफडत होते.

समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. तो माझ्या ओळखीचा होता. त्याच्या डाव्या पायाचं मागचं बोट नव्हतं. रोज दुपारी मी पोळीचे तुकडे टाकायचे तेव्हा तो याच कठड्यावर यायचा. आज त्याने आमच्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, परत आमच्याकडे पाहिलं, आणि टाकीच्या पलीकडच्या कडेला सरकला.

“ते झगे काढा,” मी म्हणाले.

“मानवंदना आहे ती,” ऋजुता म्हणाली.

“मानवंदनेचं ठीक आहे, पण कावळा काळ्या कापडाला...”

“अनघा, आत्ता कावळ्याचं मानसशास्त्र नको,” प्रद्योत म्हणाला. या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून मी ते मोडलं नाही.

“पहिलं वचन ऋजुताचं,” दादा म्हणाले. “आणि थट्टा करायची नाही. सोंग असलं तरी विधी विधीसारखा.”

ऋजुताने हात जोडले. “वज्रांगदा, मी मेघमालेला तुझं नाव सांगेन. तू तिच्यासाठी थांबला होतास, ते सांगेन.”

आम्ही टाकीकडे पाहिलं. कावळ्याने पंख उकलून आत चोच घातली.

“मेघमाला सहाव्या खंडात आहे की नाही हेच नक्की नाही,” प्रद्योत म्हणाला. “नसलेल्या माणसाला निरोप देणार म्हणे.”

“तू दे आता,” दादा म्हणाले.

प्रद्योत पुढे झाला. झगा सारखा करून त्याने हात उंचावले. “वज्रांगदा, दरवाजा उघडलास, कथानक पुढे सरकलं, तुझं काम झालं. तुझं काहीही राहिलेलं नाही. ती टिंबं पुढचा खंड खपावा म्हणून आहेत. निवांत जा.”

“असं बोलतात होय रे मयताशी?” दादा कळवळून म्हणाले.

कावळा हलला नाही. मग दादांनीच पुढे होऊन टोपी काढली. त्यांचं स्वतःचं मत आम्हाला पाठ होतं. वज्रांगद दमला होता, एवढंच. आयुष्यभर ड्यूटी केली, आणि त्याला सोडवायला दुसरा माणूस आलाच नाही. शेवटी कुणी का येईना, म्हणून त्याने दार उघडलं. “सेनापती,” दादा म्हणाले, “मी हसबनीस. चार्ज घ्यायला आलोय. सगळं ठीक आहे, तुम्ही घरी जा.” त्यांचा आवाज जरासा ओला झाला होता. कावळ्याने टाकीच्या कडेला चोच पुसली.

“अनघा, तुझं काय?” ऋजुताने विचारलं.

“माझं वज्रांगदाबद्दल काही मत नाही.”

“पाच खंड वाचून?”

“मला गाथेतल्या त्या व्याल नावाच्या प्राण्याचीच काळजी वाटते. तो अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो.”

“प्लॅटिपस,” प्रद्योत म्हणाला.

“प्लॅटिपस सात हत्तींच्या वजनाचा नसतो. आणि उडत नाही.”

“हिला वचन द्यायला लावू नका,” ऋजुता म्हणाली. “कावळा गाव सोडेल.”

ऊन वाढत होतं. पानाच्या कडा वळायला लागल्या. दादांनी एक क्रीमरोल काढून हातात धरला, पण विधी चालू असताना खावा की नाही याचा त्यांना निर्णय होईना. आणि त्या दोघांचं भांडण पुन्हा पेटलं.

“मान्य कर ना,” प्रद्योत हातवारे करत म्हणाला, “पात्र पोकळ आहे. तू त्याच्यात स्वतःचं भरतेयस.”

“भरावंच लागतं. वाचणं म्हणजे तेच.”

“मग लेखकाने काय केलं?”

“खुणा ठेवल्या. त्या बघायच्या असतात.”

“कुठे आहेत खुणा? एक दाखव.”

“तुला दाखवून उपयोग नाही. तुला समोरची दिसत नाही.” झग्याच्या बाहीने तिने डोळे पुसले, आणि बाही परत फडफडली. “महिनाभर, प्रद्योत. महिनाभर तू एकदा तरी विचारलंस, की बाई, तुझं काय चाललंय?”

“वज्रांगदाचं बोलतोय ना आपण?”

ऋजुताने बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली. ती पानाशेजारी कठड्यावर ठेवली, आणि आमच्या पाण्याच्या टाकीमागे सावलीत जाऊन बसली. आम्हाला तिच्या पायांचे अंगठे तेवढे दिसत होते.

दादा क्रीमरोल हातात धरून उभे होते. मी अंगठीकडे पाहत होते, कारण कावळ्यांना चकाकतं आवडतं असं लोक म्हणतात. ते फारसं खरं नाही, पण त्या क्षणी मला खात्री वाटेना.

मग प्रद्योतने झग्याचे बंद सोडले. झगा काढून गुंडाळी केली, ती खाली टाकली आणि तिच्यावर बसला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कठडा आता त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. तो भाताकडे बघत बोलायला लागला. पहिल्यांदाच हात न हलवता.

“हे बघ बाबा,” तो म्हणाला, “मला नाही ओळखता येत. खरंच नाही येत. यंत्र बंद पडलं तर मी उघडून बघतो. माणूस उघडून बघता येत नाही. मला वाटायचं, कुणाला काही हवं असलं तर तो सांगेल. तू नाही सांगितलंस. म्हणजे मी ते ओळखायला पाहिजे होतं बहुतेक. नाही ओळखलं. आता विचारतो. काय राहिलंय तुझं? तूच सांग. मी ऐकतो.”

पंखांचा आवाज झाला. कावळा कठड्यावर उतरला होता, नेहमीच्याच जागी, मागचं बोट नसलेला पाय जरा बाहेर टाकून. तो पानापाशी आला, दहीभाताकडे एका डोळ्याने पाहिलं. लोणच्याकडे दुसऱ्या. मग दोन उड्या मारून अंगठीपाशी गेला. दादांच्या तोंडून काहीतरी स्तोत्र सुरू झालं. कावळ्याने अंगठी ओलांडली, किल्ली ओलांडली, आणि कठड्याला टेकलेल्या दादांच्या हातातला क्रीमरोल अलगद उचलून समोरच्या घरावर निघून गेला.

“शिवला,” दादा म्हणाले.

“पिंडाला नाही शिवला,” प्रद्योत म्हणाला. “क्रीमरोल घेऊन गेला.”

“विधीच्या जागी होता ना क्रीमरोल? मग शिवला.”

“तो तुमचा होता. मघाशी तुम्हीच म्हणालात, दहाव्याला नाही, मला लागतो.”

“हैदराबाद,” टाकीमागून आवाज आला.

आम्ही तिघंही तिकडे वळलो.

“काय?” प्रद्योत म्हणाला.

“विचारलंस ना. हैदराबाद.” ऋजुता टाकीमागून बाहेर आली. तिचं नाक लाल झालं होतं. “पीएच.डी.ला निवड झालीय माझी. महिना झाला. चार-पाच वर्षं जातील. जूनमध्ये हजर व्हायचंय.”

प्रद्योत तिच्याकडे बघत राहिला. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू लगेच जा म्हणाला असतास. शहाण्यासारखा. मला बघायचं होतं, तुझ्या आपण होऊन लक्षात येतं का. मी खुणा ठेवल्या होत्या.”

“कुठल्या?”

“तुझ्या किल्लीला चारमिनार आहे.”

त्याने किल्ली उचलून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा पाहावी तशी. “मला वाटलं, मशीद आहे. छान आहे म्हटलं.”

“महिनाभर तिकडचं अंबाडीचं लोणचं खायला घालतेय.”

“मला वाटलं, तुला रक्त कमी आहे.”

“मी सकाळी तेलुगू आकडे पाठ करायचे. ओकटि, रेंडु, मूडु. अनघाला विचार.”

ते आकडे मी दात घासताना रोज ऐकत होते. “मला वाटलं, ती अश्मकोटी भाषा आहे,” मी म्हणाले. निरीक्षण हा माझा विषय होता.

“आणि रात्रभराच्या बसने तुझी पाठ दुखते का, हे मी तुला तीनदा विचारलं.”

“मी म्हटलं, हनिमूनचं विचारतेयस.” प्रद्योत उठून उभा राहिला. “ऋजुता, या खुणा फार दुबळ्या आहेत. कुठल्याही वाचकाला यातून हैदराबाद कळणार नाही.”

“चांगल्या वाचकाला कळलं असतं.”

“मग मी साधा वाचक आहे. मला सरळ लिहिलेलं लागतं.” त्याने कठड्यावरची अंगठी उचलली. “मी जा म्हणणार आहे. शहाणपणाने नाही, तुला जायचंय म्हणून. बसने माझी पाठ दुखते. दुखू दे. पण पुढे कधी काही राहिलं, तर टिंबं टाकायची नाहीत. वाक्य पुरं करायचं.”

“आणि तू विचारायचंस.”

“मी विचारेन. तू काही न बोलता लोणचं वाढलंस की लगेच विचारेन.”

तिने हात पुढे केला. अंगठी घामाने अडकली, म्हणून ती दहीभातातलं थोडं दही लावून चढवावी लागली. दादांनी याला आक्षेप घेतला, मग मागे घेतला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. दादांनी पंगतीत आग्रह करकरून क्रीमरोल वाढले. जूनमध्ये ऋजुता हैदराबादला गेली, आणि प्रद्योत दर दुसऱ्या शुक्रवारी उशी घेऊन बसमध्ये बसायला लागला. पुढे त्यालाही तिकडे नोकरी मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोघं गच्चीवरची गोष्ट सांगायचे, आणि सांगताना दर वेळी प्रद्योतच्या प्रश्नाला कावळा शिवायचा. झगा काढल्याचा उल्लेख त्यात नसायचा. मी सुरुवातीला एक-दोनदा आठवण करून दिली. मग सोडून दिलं.

सहावा खंड यायला बरीच वर्षं लागली. तो आला त्या आठवड्यात मला दादांचा फोन आला.

“अनघा, तू वाचलंस?”

“अजून नाही.”

“वज्रांगद जिवंत आहे.”

मी हातातली पेट्री डिश खाली ठेवली. “कसा?”

“बाण चिलखतात अडकला. पडला तो भुयारात. तिथून निसटला.” दादा धाप टाकत होते. “अगं, आपण जिवंत माणसाचा दहावा घातला.”

“दादा, गोष्टीतला होता तो.”

“तेच तर सांगतोय. कावळ्याला ठाऊक होतं. म्हणून तो पिंडाला शिवला नाही. एवढी तीन वचनं दिली, हलला का? नाही. कारण माणूस गेलाच नव्हता. आला, पाहिलं, आणि माझा क्रीमरोल घेऊन गेला. दक्षिणा म्हणून.”

“दादा, ते काळे झगे होते म्हणून...”

“झग्यांचं राहू दे तुझ्या. भाताला झगे आड आले, आणि क्रीमरोलला नाही आले?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं.

“बरं, त्याचं राहिलेलं काय होतं?” मी विषय बदलला. “ते तरी सांगितलंय का लेखकाने?”

“सांगितलंय. पण तू वाचून काढ. मी कुणाला सांगणार नाही. ऋजुताने हैदराबादहून दोनदा फोन केला, नुसतं ‘मेघमाला, मेघमाला’ करत होती. तिलाही नाही सांगितलं.” मग हळूच म्हणाले, “प्रद्योतला तेवढं सांगितलं.”

“त्यालाच का?”

“त्याने विचारलं.”